पेटीची शंका

“बाळाला हात लावून पाहा,” पेटी म्हणाली.

सकाळचे सव्वासात झाले होते आणि पहाटेपासूनची ही अकरावी खेप होती. ऋजुतानं डोळे न उघडताच हात लांब केला, पेटीच्या गोल खिडकीतून आत घातला, बाळाच्या छातीवर तळवा टेकवला आणि चाचपडत बाहेरचं हिरवं बटण दाबलं. म्हणजे हात लावला, बाळ ठीक आहे. पेटी गप्प झाली. बाळ आधीपासून गप्पच होतं. एवढ्या गोंधळात झोपायची विद्या ते पोटातूनच शिकून आलं होतं.

“मम्मी, हिला गप्प कर की,” ऋजुता उशीत तोंड खुपसून म्हणाली. “तू त्यातलीच आहेस ना?”

“आज दुपारपर्यंत होईल गप्प,” त्रिशला स्वयंपाकघरातून म्हणाली. “शेवटच्या सात राहिल्यात.”

“सात काय?”

“कटकटी. आणि पैलवानाला अकराला तेलाचा हात लाव. डॉक्टरांनी सांगितलाय तेवढाच. रगडू नको.”

पैलवानाचं वजन अठराशे दहा ग्रॅम होतं.

उबपेट्या घरोघरी येऊन आता चार वर्षं झाली होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेली मुलं पूर्वी महिना महिना दवाखान्याच्या काचेत पडून असत आणि आया बाहेरच्या बाकड्यावर. आता बाळाची तब्येत जरा स्थिरावली की दवाखाना बाळाबरोबर पेटीही घरी धाडी. बाळाच्या पोटावर नाण्याएवढी चकती चिकटवलेली असे. ती अंगाचं तापमान मोजी. आकडा उतरला की पेटी आतली हवा गरम करी, चढला की थांबे. जयसिंगपूरच्या या दोन खोल्यांच्या घरात ती पलंगाशेजारी, शिलाई मशीन हलवून केलेल्या जागेत उभी होती. कामाला चोख होती, खोड एकच, विचारायची. घरी येऊन नऊ दिवस झाले, नऊ दिवसांत ऋजुता सलग दोन तास झोपली नव्हती. परवा तिनं चहाच्या आधणात मीठ घातलं आणि तोच चहा प्यायलीसुद्धा.

ही खोड कुठून आली ते त्रिशलाला इतर आज्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण तोच तिचा धंदा होता.

प्रोग्राम लिहिणारी माणसं ओळींच्या मध्ये मध्ये मागून येणाऱ्यासाठी टिपा लिहून ठेवतात. इथं असं का केलं, इथं जपून. माणसानं लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा संकलक पूर्वी या टिपांकडे ढुंकून पाहत नसे. नवा अर्थसंकलक मात्र टिपाही वाचायचा, कोणत्याही भाषेतल्या. टीप एक म्हणते आणि ओळ दुसरंच करते, असं दिसलं की तो इशारा द्यायचा. आणि दोघींत खरी कोण हे ठरवता आलं नाही, तर आपल्या अकलेनं तिथं एक विचारणा घालून ठेवायचा. यंत्र चालता चालता त्या वळणावर आलं की थांबायचं आणि माणसाला विचारायचं.

अर्थसंकलक आला आणि जुने प्रोग्राम इशाऱ्यांनी बुजबुजून गेले. मग नियम निघाला, माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या यंत्रात एकही इशारा शिल्लक राहता कामा नये. जुन्या यंत्रांना टप्प्याटप्प्यानं, प्रत्येकाला वर्षाची मुदत. ओळ बदलायची तर सगळी तपासणी पहिल्यापासून, त्याला आठ महिने. टीप बदलायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नव्हती. लोकांनी मग कुठला रस्ता धरला असेल, ते सांगायला नको.

खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सहा बायका टिपा साफ करायच्या. ओळीला हात लावायचा नाही, टीप ओळीसारखी करायची, हा तिथला पहिला धडा आणि शेवटचाही. लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नसेल तर टीप बेवारस, म्हणजे कुणाला विचारायचाही त्रास नाही. हॉलचे मालक बाहुबली उपाध्ये. नाव ठेवताना आईबापांनी जरा घाई केली होती. सर अंगानं इतके किरकोळ की पंखा पाचावर ठेवायला बायकांना संकोच वाटे.

त्रिशला मगदूम तिथली सगळ्यांत जुनी. बारावीनंतर लग्न, मग नवऱ्याच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षं. तो गेल्यावर दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर ती एकटीच प्रोग्राम वाचायला शिकली. ओळी तेव्हा परक्या वाटायच्या, पण टिपा घरातल्या थोरल्या जावेनं कानात सांगितल्यासारख्या. टिपांचं बोट धरून ती ओळींपर्यंत पोचली होती. आता त्याच टिपा पुसायचं काम करते म्हणून कधी कधी तिला स्वतःचंच हसू यायचं.

उबपेटीचं काम हॉलकडे आल्यावर तिनं ते मागून घेतलं होतं. दोन हजार तीनशे सोळा इशारे. कंपनीच्या पत्रातच लिहिलं होतं की इशारे गेले की अनावश्यक विचारणा बंद होतील आणि मातांना विश्रांती मिळेल. त्रिशलानं ते वाक्य दोनदा वाचलं होतं, कारण तिच्या घरातली माता चहात मीठ घालत होती.

हॉलमध्ये बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा, सातवा इशारा उरला.

संकलकानं लिहिलं होतं: टीप म्हणते विसंबू नये, ओळ विसंबते. खाली कुणा ‘वि. टी.’ची चांगली ऐसपैस टीप होती. बेवारस. त्रिशलाची नजर ओळीवर गेली. आकडा एकदम पडला तर चकती सुटली, हळू उतरला तर बाळ गार पडतंय, ऊब वाढव. तिनं टीप निवडली, पुसली आणि तिच्या जागी लिहिलं: ‘आकडा एकदम पडल्यास चकती सुटली असे धरावे. हळूहळू उतरल्यास बाळ गार पडत आहे असे धरून ऊब वाढवावी.’ स्वच्छ, सरळ. ओळ आणि टीप जुळ्या बहिणींसारख्या दिसायला लागल्या.

पडद्यावर आलं: इशारे, शून्य.

बारा वाजता नवा प्रोग्राम अकराशे चाळीस पेट्यांत उतरला. सव्वाबाराला तिनं ऋजुताला विचारलं, वाजते का गं अजून? उत्तर आलं: ‘नाही!! तेल लावून झालंय, दोघंही झोपतोय. मम्मी तू देव आहेस.’ त्रिशलानं तो मेसेज शेजारच्या टेबलावरच्या नसरीन मुजावरला दाखवला. “अक्का, छापून फ्रेम करा,” नसरीन म्हणाली. “लेकी असं आयुष्यात एकदाच लिहितात.”

हॉलची एक पद्धत होती. काम शून्यावर आलं की भडंग यायचा, आणि शेवटी जी टीप पुसली तिचं जुनं रूप कुणीतरी उभं राहून मोठ्यानं वाचायचं. चेष्टेतून सुरू झालं होतं ते. नसरीन त्याला ‘मयताला चार शब्द’ म्हणायची. आज सर भडंग आणायला स्वतः गेले, वाटेत कुणीतरी भेटलं, आणि कागदावर भडंग पसरेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली.

नसरीन उभी राहिली, तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि सासूच्या आवाजात सुरू केलं.

“‘आकडा एकदम पडला तर चकती सुटली असं यंत्र समजतं. ते बरोबरच आहे. पण आपल्याकडं बाळाला तेल लावतात. तेलाच्या अंगावरून चकती एकदम सुटत नाही, घसरते. मग आकडा हळूहळू उतरतो आणि यंत्राला वाटतं बाळच गार पडलं. अशा वेळी आकड्यावर विसंबू नये. बाळाला हात लावून पाहा. वि. टी.’”

बायका हसल्या. हुबेहूब सासू, कुणीतरी म्हणालं.

त्रिशलाचा हात तोंडाशी गेला होता तो तसाच राहिला. सकाळी जी वाक्यं तिनं डोळ्यांनी जुळवली होती, ती कानांवर पडताच कुणीतरी समोर बसून सांगत असल्यासारखी वाटली. कुणीतरी बाई, जिनं बाळं हाताळली होती. टीप त्रिशलाला समजली नव्हती असं नाही. तिनं ती वाचलीच नव्हती. नुसती जुळवली होती.

“नसरीन, शेवटचं परत वाच.”

“बाळाला हात लावून पाहा.”

आता नसरीनचाही आवाज सासूचा राहिला नाही. हे वाक्य हॉलमधल्या प्रत्येकीनं गेल्या महिन्यात शंभरदा ऐकलं होतं, चाचणीसाठी हॉलमध्ये ठेवलेल्या उबपेटीच्या तोंडून.

“ते पेटीचं नव्हतंच,” त्रिशला म्हणाली. “संकलकानं या बाईचं वाक्य उचललं होतं. आपण म्हणत होतो पेटी किरकिरी आहे. त्याला ठरवता येत नव्हतं, ओळ खरी की ही बाई, म्हणून तो पेटीकरवी विचारत होता.”

“बरं, मग?” सर म्हणाले. त्यांच्या हातात भडंगाची पुडी होती.

“आता त्याला शंकाच नाही. दोन्हीकडे तेच लिहिलंय. मी लिहिलंय.” तिनं फोन कानाला लावला होता. “सर, चकती घसरली तर पेटी गरम करत राहील. बाळ गरम होईल तरी तिला ते गारच वाटेल, कारण चकती बाळावर नसेलच.”

“वरची मर्यादा असते की.”

“एकोणचाळीस. हवेची. अठराशे ग्रॅमच्या जिवाला बंद पेटीत एकोणचाळीसची हवा, सर. त्याला घामसुद्धा येत नाही अजून.”

फोन वाजत राहिला. ऋजुता उचलत नव्हती. नऊ दिवसांनी झोपली होती ती. त्रिशलानं परत लावला. एक तास दहा मिनिटं झाली होती.

“टीप परत घाल,” ती नसरीनला म्हणाली. “माझ्याच नावानं उघडी आहे फाईल. शब्दाला शब्द. शंका परत आली की पेट्या विचारायला लागतील.”

“थांबा,” सर म्हणाले. “थांबा जरा. टीप परत घातली की एक इशारा येणार. एक जरी इशारा आला तर पेटीला मिळालेला शून्य इशाऱ्यांचा दाखला रद्द. इशाऱ्यासकट प्रोग्राम पाठवायचा तर जबाबदार माणसाचा अंगठा लागतो, म्हणजे माझा. उद्या हॉलला कुलूप लागेल, मॅडम. आधी कंपनीला विचारू.”

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात सांगण्यात आलं की आपली तक्रार महत्त्वाची आहे.

“सर,” नसरीन म्हणाली. तिची बोटं तोवर टीप टाइप करत होती. “तुमच्या नातीची पेटी मार्चमध्येच परत गेली. म्हणून तुम्हाला विचारायला वेळ आहे.”

सर काय म्हणाले ते त्रिशलानं ऐकलं नाही. ती जिन्यावर होती.

स्कूटरवरून घर सात मिनिटांवर. दुपारचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं, दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला गेले होते, आणि सगळं गाव इतकं निवांत दिसत होतं की तिला त्याचा राग आला. या निवांतपणात आणखी किती पेट्या असतील? कागलात, तासगावात, कुठल्या कुठल्या मळ्यात. किती आयांनी अकराला तेलाचा हात लावला असेल? सगळ्यांनीच. ती तेल लावायचीच वेळ असते. आणि बाराला पेटी गप्प झाल्यावर हुश्श करून किती जणी आडव्या झाल्या असतील? तिनं फाटकापाशी ब्रेक दाबला तेव्हा स्कूटर घसरली, ती पडली नाही, स्कूटर मात्र तिथंच आडवी टाकली.

बेल त्यांनीच काढून ठेवली होती, बाळ दचकू नये म्हणून. तिनं किल्लीनं दार उघडलं.

खोलीत पडदे ओढलेले होते आणि पंखा मंद फिरत होता. ऋजुता तोंड उघडं टाकून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी. पेटीवर हिरवा दिवा होता. सगळं ठीक आहे, असं सांगणारा. पेटीच्या छोट्या पडद्यावर लिहिलं होतं: बाळ चौतीस पूर्णांक आठ. ऊब देत आहे. खाली हवेचा आकडा, अडतीस पूर्णांक नऊ.

चकती घसरून पेटीच्या गार भिंतीला चिकटली होती, बाळापासून चार बोटं लांब. तेलानं चकाकत होती.

बाळ लाल होतं. ओठ उघडे, छाती भराभर वरखाली, हातपाय चारी दिशांना सोडून दिलेले. त्रिशलानं झाकण उघडलं तेव्हा आतली हवा तंदूर उघडल्यासारखी तोंडावर आली. तिनं त्याला उचललं. ते इतकं गरम होतं आणि इतकं सैल की तिला वाटलं आपण उशीर केला.

“ऋजू. ऊठ. ऊठ गं.”

ऋजुता उठली ती थेट उभीच राहिली. “वाजली? मला ऐकूच नाही आली.”

“नाही वाजली. टोपी काढ त्याची. मोजे काढ. डॉक्टरांना लाव.”

डॉक्टर कर्नाळे उचलतील की नाही या एका घंटेत त्रिशलाला आयुष्यभराची व्रतं आठवून झाली. त्यांनी उचलला. हातातल्या तापमापकावर आकडा किती, त्यांनी विचारलं. अडतीस पूर्णांक सात, ऋजुता म्हणाली, आणि तो आकडा स्वतःच्या तोंडून ऐकून रडायला लागली. रडू नका, आधी ऐका, डॉक्टर म्हणाले. गार पाणी अजिबात नको. कपडे सैल, पंख्याचा झोत थेट नको, दूध घेतंय का पाहा. मी गाडी पाठवतो, वीस मिनिटं. तोवर ते रडलं तर चांगलं.

मग दोघी त्याच्या रडण्याची वाट पाहत बसल्या. नऊ दिवस ज्या घरात शांतता मिळावी म्हणून आटापिटा चालला होता, तिथं आता पंख्याचा आवाजही नकोसा झाला होता. ऋजुतानं त्याच्या ओठांशी दूध नेलं. घेतलं नाही. परत नेलं. त्रिशला त्याच्या तळपायांवर अंगठा फिरवत होती आणि मनात मोजत होती, काय मोजत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“मम्मी, असं कसं झालं? एवढे दिवस तर नीट होती पेटी.”

त्रिशलानं खोटं बोलायला तोंड उघडलं. पेटी बिघडली असेल, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्यही स्वच्छ आणि सरळच होतं, सकाळच्यासारखं.

“ती विचारत होती ते बरोबर होतं,” ती म्हणाली. “विचारायचं मी बंद केलं. तुझी झोप व्हावी म्हणून आणि माझं काम संपावं म्हणून. टीप न वाचता बदलली.”

ऋजुतानं तिच्याकडे पाहिलं. बाळ तिनं जरासं आपल्याकडे ओढून घेतलं, अगदी थोडंसं, आणि त्रिशलाचा अंगठा त्याच्या पायावरून सुटला.

तेवढ्यात पेटी बोलली. रिकामी, झाकण उघडं, तरी बोलली.

“बाळाला हात लावून पाहा.”

दोघी दचकल्या, आणि त्यांच्याबरोबर बाळही दचकलं. त्याचं तोंड वाकडं झालं, हनुवटी थरथरली आणि आवाज आला, मांजराच्या पिल्लाएवढा, मग जरा मोठा, मग चांगला दणदणीत. पैलवान रडायला लागला. ऋजुतानं दूध पुढं केलं तेव्हा त्यानं ते रागारागानं ओढलं.

त्रिशला भिंतीला टेकून खाली बसली. फोन किती वेळ वाजत होता कोण जाणे.

“अक्का, बाळ?” नसरीन.

“दूध पितोय. गाडी येतेय. सरांनी दिला अंगठा?”

“दिला. दोनदा पुढं करून मागं घेतला. तिसऱ्यांदा मी मनगट धरलं.” ती थांबली. “सगळ्या पेट्या आता विचारतायत, अक्का. हात लावून बटण दाबलं की इथं दिसतं. हजार वीस झाले. हजार पंचेचाळीस. बायका उठतायत.”

त्रिशला ऐकत राहिली. हजार सत्तर. हजार नव्वद. मग आकडे सावकाश यायला लागले. एकेक. फोनमधून फक्त हॉलच्या पंख्याचा आवाज येत होता. अकराशे नऊ. अकराशे चौदा.

“सव्वीस राहिल्यात,” नसरीन म्हणाली. “सरांनी गावांची यादी काढलीय. आम्ही एकेका घरी फोन लावतोय. काही उचलत नाहीत. झोपल्याच असतील. झोपल्याच असतील ना?”

“लावत राहा. आशाताईंना लावा, सरपंचाला लावा, शेजाऱ्यांना लावा. दार तोडा म्हणावं.”

“हो. पण अक्का, अजून एक आहे. म्हणून फोन केला. संकलक तुम्हाला विचारतोय.”

“मला?”

“तुमच्या नावानं. वाचते. ‘ही टीप आज सकाळी बदलली गेली आणि आता पूर्ववत झाली. म्हणजे सकाळचा बदल चुकीचा होता. याच व्यक्तीने मागील चार वर्षांत ओळीशी जुळवून बदललेल्या आणखी चार हजार एकशे नऊ टिपा आढळतात. त्यांचे जुने रूप माझ्याकडे आहे. त्या सर्व जागी शंका घ्यावी का? होय, किंवा नाही. दहा मिनिटांत उत्तर न आल्यास नाही असे धरले जाईल.’”

त्रिशलाला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पण चेष्टा इतक्या शांतपणे कुणी करत नाही.

“कुठल्या कुठल्या आहेत?”

“दवाखान्यातल्या प्राणवायूच्या टाक्या. लिफ्टा, अठ्ठावीस सोसायट्यांच्या. धरणाचा तो दरवाजा, पहिल्या वर्षी केलेला. छातीत बसवायचं ते यंत्र, ठोके चालवणारं. गॅसच्या शेगड्या. यादी लांब आहे, अक्का.”

“होय म्हटलं तर?”

“सगळी एकदम थांबून विचारायला लागतील. आत्ता. लिफ्टेत माणसं असतील. धरणाचा दरवाजा कुणाला विचारणार, तिथं तर कुणी बसतच नाही आता. आणि ते छातीतलं...” नसरीननं वाक्य सोडून दिलं. “आणि नाही म्हटलं तर आहे तसंच राहील. गेली चार वर्षं काही झालं नाही, सर म्हणतात.”

“आपल्या कानावर आलं नाही.”

“हां. तेच.” फोन कुणीतरी हातात घेतल्याचा आवाज आला. बाहुबली सर होते. त्यांचा आवाज बसला होता. “मॅडम, अंगठा मी दिला असता. पण तो माझा अंगठा घेत नाही. म्हणतो, जिनं बदलल्या तिलाच माहीत. सात मिनिटं राहिलीत.”

समोर ऋजुता बाळाला खांद्यावर घेऊन पाठ चोळत होती. त्याचा रंग उतरत होता, लाल जाऊन गुलाबी येत होता. खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला. ऋजुता चपला शोधायला लागली. त्रिशलाकडे न पाहता म्हणाली, “मम्मी, येतेस ना?”

“आले,” ती म्हणाली, आणि उठली नाही.

चार हजार एकशे नऊ. ती हॉलचा एकेक दिवस आठवू लागली. शेगड्यांच्या वेळी उन्हाळा होता, धरणाच्या वेळी त्यांच्याकडे पहिल्यांदा नवी टेबलं आली होती. टेबलं आठवत होती, भडंग आठवत होता. टिपा आठवत नव्हत्या. त्यांतल्या कितीतरी खरोखरच चुकीच्या असतील, जुन्या, शिळ्या, पुसायलाच हव्या होत्या अशा. पण त्यांतल्या किती तिनं समजून बदलल्या होत्या, आणि किती नुसतं शून्य दिसावं म्हणून?